मिशनरी घरी परततो तेव्हा

ऑक्टोबर १८४५. बोस्टनमधल्या बोडॉइन स्क्वेअर चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. अडोनिराम जडसन ब्रह्मदेशात तीन दशकं काढून पहिल्यांदाच मायदेशी आले होते, आणि त्यांच्या हकिगती वाचत लहानाची मोठी झालेली एक अख्खी पिढी त्यांना डोळे भरून पाहायला जमली होती. जडसन बोलायला उभे राहिले, पण छातीच्या दुखण्यानं आवाज पार बसला होता. शेजारी उभे असलेले एक पाळक त्यांचं एकेक वाक्य ऐकून मोठ्यानं लोकांना सांगत होते. अडचण नुसत्या आवाजाचीही नव्हती. इतकी वर्षं बर्मी भाषेत विचार केलेला, बर्मीत उपदेश केलेला, अख्खं बायबल बर्मीत उतरवलेलं. इंग्रजीत लोकांपुढे तीन वाक्यंसुद्धा आपल्याला धड जुळवता येणार नाहीत, असं त्यांनी आपल्या संस्थेला आधीच कळवून ठेवलं होतं. वाटेत सेंट हेलेना बेटाच्या बंदरात त्यांच्या पत्नी सारा वारल्या होत्या. त्यांना तिथेच पुरून, तीन मुलांना घेऊन ते पुढे आले होते. तीन धाकटी मुलं ब्रह्मदेशातच राहिली होती.

त्या सभेत गर्दीतून वाट काढत एक गृहस्थ पुढे आले आणि त्यांनी जडसनना मिठी मारली. ते होते सॅम्युएल नॉट. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम गावच्या चर्चमध्ये पाच तरुणांना परदेशी मिशनसाठी एकदमच दीक्षा मिळाली होती. त्या पाचांतले आता हे दोघेच उरले होते. नॉट आणि त्यांचे सोबती गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरले, आणि आपण ज्याला अमेरिकन मराठी मिशन म्हणून ओळखतो त्या कामाची सुरुवात झाली. त्यांना मागाहून येऊन मिळालेले सॅम्युएल न्यूएल १८२१ मध्ये मुंबईत पटकीनं गेले. हॉल १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूला फिरतीवर असताना पटकीनंच गेले. नॉट मात्र तब्येतीपायी दोन-तीन वर्षांतच अमेरिकेला परतले होते आणि मॅसॅच्युसेट्समधल्या वेअरहॅम गावात पाळक म्हणून आयुष्य काढत होते. एक जवळजवळ लगेच परतलेला, एक तेहेतीस वर्षांनी. परतलेल्या माणसाचं करायचं काय, हे त्या भरल्या चर्चमध्ये कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, कारण परतणं हे मुळात योजनेतच नव्हतं.

जाणारा जायचा तो जन्मभरासाठी. गोव्यात १५७९ मध्ये आलेले फादर थॉमस स्टीफन्स चाळीस वर्षांनी, मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचून, इथेच वारले. इंग्लंड त्यांना पुन्हा दिसलं नाही. गोव्याचे जोसेफ वाझ १६८७ मध्ये सिलोनला गेले आणि १७११ मध्ये कँडीला त्यांनी देह ठेवला. विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालमध्ये उतरले ते १८३४ मध्ये श्रीरामपूरच्या मातीतच विसावले. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या शिडाच्या जहाजाला चार-पाच महिने सहज लागत. जाऊन-येऊन वर्ष मोडायचं, खर्च प्रचंड, आणि वाटेत मरण्याची शक्यता तिथे राहून मरण्याइतकीच. जेझुइटांनी त्यातून एक वाट काढली होती: अधूनमधून सगळ्यांच्या वतीनं एकाला रोमला धाडायचं. चीनमधून असे निघालेले निकोला त्रिगो १६१४ मध्ये रोमला पोचले, युरोपभर फिरले, आणि १६१८ मध्ये हजारो ग्रंथ आणि वीसएक नवे सोबती घेऊन लिस्बनहून पुन्हा निघाले. त्या सोबत्यांतले कित्येक वाटेतच दगावले. त्रिगोंनी घरच्यांकडे पैसा आणि माणसं मागितलीच, पण ग्रंथही मागितले, गणिताचे आणि खगोलशास्त्राचेसुद्धा, कारण चिनी विद्वानांपुढे रिकाम्या हातानं उभं राहून चालणार नाही हे त्यांना कळलं होतं. तिथलं काही शिकून घरच्यांना त्याप्रमाणे कामाला लावणारा माणूस इतक्या जुन्या काळी भेटतो, याचं मला अप्रूप वाटतं.

मिशनरी ज्या ग्रंथाच्या आधारानं जात, त्यात परतण्याविषयी दोन फार स्पष्ट प्रसंग आहेत. मार्कच्या शुभवर्तमानात शिष्य फिरून येतात आणि केलेलं सगळं येशूला सांगू लागतात. तेव्हा येशू त्यांना एकांतात जाऊन थोडा विसावा घ्यायला सांगतो. लोकांची ये-जा इतकी की त्यांना जेवायलाही सवड होत नसते. प्रेषितांच्या कृत्यांत पौल आणि बर्णबा पहिल्या फेरीहून अंत्युखियाला परततात, ज्या मंडळीनं पाठवलं तिला गोळा करून झालेलं सगळं सांगतात, आणि मग तिथेच बरेच दिवस राहतात. सांगणं, विसावा, आणि सोबत राहणं, अशा तीन गोष्टी आहेत इथे. गेल्या दोनशे वर्षांत परतलेल्यांकडून पहिली मात्र सक्तीनं वसूल केली गेली, आणि उरलेल्या दोन बहुतेकांच्या वाट्याला आल्याच नाहीत.

याची सुरुवात सेलमच्या त्या पाचांतल्याच एकापासून झाली. ल्यूथर राइस १८१३ मध्ये अमेरिकेला परतले ते थोड्या दिवसांसाठी. जडसन आणि ते दोघंही बाप्टिस्ट मताचे झाले होते, तेव्हा पैसा उभा करणारी नवी संस्था हवी होती. १८१४ मध्ये ती उभी राहिली. पण पैसा जमवायला हवा तर कुणीतरी गावोगाव फिरायला हवं. राइस घोड्यावरून फिरू लागले आणि १८३६ मध्ये मरेपर्यंत फिरतच राहिले. ब्रह्मदेशाला जाणं झालंच नाही. परतलेला मिशनरी म्हणजे वर्गणी गोळा करणारा माणूस, ही ओळख इथे पक्की झाली. पैशाविना एकही शाळा उभी राहिली नसती हे खरंच आहे. पण अशा फिरतीवरचा माणूस जिथून आला तिथला दुष्काळ, रोगराई, अंधार जरा गडद करून सांगू लागतो. ऐकणाऱ्यांचा खिसा त्यानं उघडतो, आणि त्यांच्या मनात त्या देशाचं एक विद्रूप चित्र कायमचं बसतं. हिंदुस्थानाविषयी अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत जे समज रुजले त्यांतले कितीतरी अशा सभांमधून गेलेले आहेत.

पैशामागोमाग गोष्टींची मागणी आली. जडसनांविषयी त्यांच्या मुलानं लिहिलेल्या चरित्रात एक प्रसंग आहे. एका गावच्या सभेत ते ख्रिस्ताच्या प्रेमाविषयी साधेपणानं बोलले आणि खाली बसले. लोक नाराज झाले; पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून आलेल्या माणसाकडून त्यांना थरारक काहीतरी हवं होतं. नंतर कुणी ते कानावर घातलं तेव्हा जडसनांचं म्हणणं असं पडलं की मला ठाऊक असलेली सगळ्यात थरारक गोष्ट मी सांगितली. ब्रह्मदेशातल्या आवाच्या तुरुंगातले बेड्यांचे महिने त्यांच्याजवळ सांगण्यासारखे होते, आणि त्यांनी ते विकायला काढले नाहीत. पुढच्याच वर्षी, १८४६ च्या जुलैत, ते पुन्हा ब्रह्मदेशाच्या जहाजावर चढले.

मुंबईतले स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांचं परतणं आणखी वेगळं. १८२९ पासूनच्या कामानं तब्येत ढासळली म्हणून जानेवारी १८४३ मध्ये ते निघाले. इजिप्त, सिनाई, पॅलेस्टाईन असा वाटेतला प्रदेश पाहत गेले, त्याचा मोठा ग्रंथ १८४७ मध्ये निघाला. पण ते वाटेवर असतानाच, मे १८४३ मध्ये, स्कॉटलंडचं चर्च दुभंगलं. ज्या घरातून पाठवलं होतं ते घरच एक राहिलं नव्हतं. विल्सन नव्या फ्री चर्चकडे गेले, आणि मुंबईतल्या शाळेची इमारत दुसऱ्या बाजूकडे राहिल्यानं त्यांच्या मिशनला संस्था पुन्हा उभी करावी लागली; आजचं विल्सन कॉलेज त्या धाग्यातलं. त्यांच्यासोबत धनजीभाई नौरोजी हा पारशी तरुण होता. १८३९ मध्ये त्याच्या बाप्तिस्म्यावरून मुंबईत कोर्टकचेरी झाली होती. स्कॉटलंडमध्ये शिकून, १८४६ मध्ये दीक्षा घेऊन, रेव्हरंड धनजीभाई मुंबईला परतले, पण ते ज्या समाजाचे, त्यानं दार केव्हाच लावून घेतलं होतं. विल्सनांच्या परतीवर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. धनजीभाईंच्या परतीला तितकी जागा मिळालेली नाही, आणि खरं तर दोघांत अवघड वाट त्यांची होती.

असाच एक विसरलेला गट नाशिकचा आहे. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये वाढत होती. त्यांची वाट पुढे आफ्रिकेतले मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्याशी जुळली. लिव्हिंगस्टन १८५६ मध्ये इंग्लंडला परतले तेव्हा राष्ट्रवीर ठरले. पुस्तक धडाक्यानं खपलं, केंब्रिजचं भाषण गाजलं, आणि परतलेला मिशनरी म्हणजे धाडसी प्रवासी ही प्रतिमा घट्ट झाली. १८६६ च्या शेवटच्या मोहिमेत त्यांच्यासोबत शरणपूरचे तरुण होते, आणि विल्सनांच्या मुंबईच्या शाळेत ठेवलेला चुमा हा आफ्रिकी तरुणही होता. लिव्हिंगस्टन १८७३ मध्ये आफ्रिकेच्या पोटात वारले, तेव्हा त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत महिनोन्महिने वाहून आणणाऱ्यांत चुमा, लिव्हिंगस्टनांचा आणखी एक सोबती सुसी आणि शरणपूरचा जेकब वेनराइट हे होते. एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या अंत्यविधीला जेकब हजर होता. लिव्हिंगस्टनना घरी पोचवणारे हे लोक. त्यांचं स्वतःचं घर कोणतं? मोंबासाजवळ १८७५ च्या सुमारास, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावानं, फ्रिअरटाउन ही वसाहत झाली आणि नाशिकचे कितीतरी आफ्रिकी तिथे आपल्या भूमीत परत गेले. तिथे त्यांना बॉम्बे आफ्रिकन म्हणूनच ओळखलं गेलं. परतल्यावर परकं वाटतं, हे वाक्य आज पुस्तकांतून सर्रास भेटतं. ते सगळ्यात कठोरपणे जगलेली माणसं आपल्या नाशिकहून गेलेली आहेत, हे आपण सांगायला हवं.

१८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि वाफेच्या बोटींनी मुंबई-लंडन अंतर काही आठवड्यांवर आणलं. मग परतणं हा अपवाद राहिला नाही. लष्करातली आणि सरकारी नोकरीतली फर्लोची पद्धत मिशनांनीही उचलली: साधारण सात ते दहा वर्षं काम, मग वर्ष-दीड वर्षाची रजा. कागदावर ही विश्रांतीची रजा. प्रत्यक्षात रविवारी एका गावी प्रवचन, बुधवारी दुसऱ्या गावी महिला मंडळ, हातात मॅजिक लँटर्नच्या काचा आणि पेटीत साडी, पितळेच्या मूर्ती, नांगराची छोटी प्रतिकृती. १९०८ मध्ये लंडनला आणि १९११ मध्ये बोस्टनला या सामानाची अवाढव्य प्रदर्शनं भरली. तिथे रजेवरचे मिशनरी देशोदेशींचे पोशाख करून उभे राहत. दमलेल्या माणसाला निवांत राहायला एखादं घर मिळावं ही साधी गरज ध्यानात यायला आणखी वेळ गेला. न्यू जर्सीतल्या व्हेंटनॉरला समुद्रकाठी अशा कुटुंबांसाठी घरं उभी राहिली ती १९२२ मध्ये.

मुलांचं काय होत होतं, ते नगरच्या ह्यूम घराण्यात दिसतं. रॉबर्ट ॲलन ह्यूम १८४७ मध्ये मुंबईत जन्मले. वडील आजारी पडले, कुटुंब अमेरिकेला निघालं, आणि १८५४ मध्ये वडील जहाजावरच वारले. सात वर्षांचं पोर ज्या 'घरी' पोचलं ते त्यानं कधी पाहिलेलंच नव्हतं. पुढे येलला शिकून ते १८७४ मध्ये अहमदनगरला आले आणि जवळजवळ पन्नास वर्षं राहिले. १८७८ मध्ये त्यांनी तिथे धर्मशिक्षणाची शाळा सुरू केली. त्यांच्या नावाचं चर्च नगरकरांना ठाऊक आहे.

१८८६ मध्ये ह्यूम रजेवर अमेरिकेत होते. अँडोव्हरच्या धर्मविद्यालयात माजी विद्यार्थ्यांच्या भोजनाला त्यांना बोलावलं होतं. त्या काळी तिथे एक वाद पेटलेला होता: ज्यांनी आयुष्यात ख्रिस्ताचं नावही ऐकलं नाही त्यांचं मेल्यावर काय? ते कायमचे नरकात, की मृत्यूनंतरही त्यांना संधी मिळेल? न्यू इंग्लंडमधल्या पंडितांना हा तर्काचा प्रश्न होता. ह्यूमना तो रोज भेटणाऱ्या माणसांचा होता. समोर बसलेला शेतकरी किंवा शास्त्री विचारतो, आमच्या आजोबा-पणजोबांचं काय, तेव्हा त्याला काय सांगायचं? दुसऱ्या संधीची आशा धरणाऱ्यांविषयी ह्यूमनी त्या भोजनप्रसंगी सहानुभूती दाखवली. भाषण छापून आलं आणि ह्यूमना पाठवणाऱ्या बोस्टनच्या अमेरिकन बोर्डात खळबळ उडाली. बारा वर्षं नगरमध्ये राबलेल्या माणसाला परत पाठवायचं की नाही, यावर महिनोन्महिने खल झाला. अखेर १८८७ मध्ये परवानगी मिळाली आणि ते नगरला आले.

या साऱ्या इतिहासात मला हा प्रसंग सगळ्यात मोलाचा वाटतो. ह्यूमनी गोष्ट सांगितली नाही, वर्गणी मागितली नाही. नगरच्या लोकांनी त्यांना जो प्रश्न शिकवला तो त्यांनी पाठवणाऱ्यांच्या पुढ्यात ठेवला. पाठवणाऱ्यांना अहवाल हवा होता, प्रश्न नको होता. पण माणूस जिथे राहिला तिथल्यांचं ऋण परतल्यावर फेडायचं असेल तर त्यांचे प्रश्न घरी पोचवणं याहून दुसरा मार्ग मला दिसत नाही. १९०५ मध्ये ह्यूमनी अमेरिकेत दिलेल्या व्याख्यानांचं पुस्तक निघालं, तोवर घरचे कान थोडे तयार झाले होते.

जस्टिन ॲबट यांनी ते ऋण वेगळ्या रीतीनं फेडलं. १८८१ पासून मुंबईत मराठी मिशनमध्ये काम करून ते १९१० मध्ये निवृत्त झाले आणि न्यू जर्सीतल्या समिट गावी राहिले. साठीच्या उंबरठ्यावरचा निवृत्त मिशनरी एरवी आठवणी लिहितो. ॲबटनी महिपती उघडला. १९२६ मध्ये भानुदास, मग एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास असे एकामागून एक मराठी संत त्यांनी इंग्रजीत नेले. पंडित नरहर गोडबोले यांची साथ होती आणि ग्रंथ छापले जात पुण्यात. १९३२ मध्ये ते गेले तेव्हा भक्तविजयाचं काम छापायचं राहिलं होतं. ते पुढच्या दोन वर्षांत दोन खंडांत निघालं. ज्या संतांच्या भक्तांना ख्रिस्ताकडे वळवायला ते इथे आले होते, त्या संतांना त्यांनी म्हातारपणाची सगळी वर्षं दिली. त्यांचा ख्रिस्तावरचा विश्वास तेवढ्यानं ढळला नव्हता. इतकी वर्षं ज्यांच्यात काढली ती माणसं प्रार्थना कशी करतात हे आपल्या देशानं नीट वाचावं, एवढी त्यांची कळकळ होती.

परतणाऱ्यांच्या मनाचा शास्त्रशुद्ध विचार विसाव्या शतकाच्या मध्यावर सुरू झाला, आणि त्यातही हिंदुस्थान आहे. आल्फ्रेड शुट्झ यांनी १९४५ मध्ये युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसंदर्भात लिहिलं की जाणारा बदलतो तसं घरही बदलतं, आणि दोघंही जुनंच गृहीत धरून भेटतात. १९५० च्या दशकात जॉन आणि रूथ यूसीम हे समाजशास्त्रज्ञ दांपत्य इथे राहणाऱ्या अमेरिकनांचा अभ्यास करत होतं. आईवडिलांची एक संस्कृती, भोवतालची दुसरी, आणि या दोहोंमध्ये वाढणाऱ्या मुलांची तिसरी, ही कल्पना त्यांनी मांडली. जहाजावर बाप गमावलेल्या छोट्या ह्यूमला शंभर वर्षांनी नाव मिळालं. मिशनरींच्या मुलांमध्ये आयुष्यभर काम केलेल्या डेव्हिड पोलॉक यांनी निघण्याआधी करायच्या चार गोष्टी सांगितल्या, त्या आज बहुतेक मिशनसंस्था शिकवतात: भांडणं मिटवा, ज्यांचे उपकार आहेत त्यांना तसं सांगा, माणसांचा आणि जागांचाही नीट निरोप घ्या, पुढे काय वाढून ठेवलंय त्याचा विचार करा. मला हे शहाणपण वाटतं, कारण परतीचे धडे विमानतळावर उतरल्यावर सुरू होत नाहीत हे त्यात मान्य केलेलं आहे. पण चारही धडे परतणाऱ्यासाठी आहेत. ज्या मंडळीत तो परत येणार तिच्यासाठी त्यात एकही नाही.

दरम्यान परतण्याचा अर्थच एकदा उलटा झाला. १९७१ मध्ये केनियाचे पाळक जॉन गाटू अमेरिकेत, मिलवॉकीच्या मिशन महोत्सवात उभे राहिले आणि त्यांनी परदेशी मिशनरींना निदान पाच वर्षं तरी माघारी बोलवा असं सांगितलं. आमच्या मंडळ्यांना स्वतःच्या पायांवर उभं राहू द्या. खूप जण दुखावले. घरी जाणं ही आता तब्येतीची किंवा रजेची बाब राहिली नाही, तिथल्यांच्या हिताची झाली.

तीन वर्षांनी, १९७४ मध्ये, मद्रासचे बिशप लेस्ली न्यूबिगिन निवृत्त झाले. १९३६ पासूनचं आयुष्य बहुतेक तमिळ मुलखात गेलेलं. कांचीपुरमला रामकृष्ण मिशनच्या संन्याशांसोबत बसून ते उपनिषदं आणि शुभवर्तमानं वाचत असत. ते आणि पत्नी हेलन यांनी विमान धरलं नाही. दोन सुटकेसी आणि एक पाठपिशवी घेऊन, मिळेल त्या बसनं, ते जमिनीवरून इंग्लंडला निघाले. तुर्कस्तानातल्या कप्पदुकियात, जिथे एके काळी ख्रिस्ती धर्मचिंतनाचे मोठे आचार्य होऊन गेले, तिथे एका रविवारी त्यांना सोबत उपासना करायला एकही ख्रिस्ती माणूस सापडला नाही. एखादा धर्म एखाद्या भूमीतून पूर्ण पुसला जाऊ शकतो, हे पाहत ते बर्मिंगहॅमला पोचले. इंग्लंडमध्ये सगळ्यात अवघड काय वाटलं असं लोक विचारत, तेव्हा ते सांगत की इथली आशाच हरवली आहे. मद्रासच्या झोपडपट्टीत उद्या बरं होईल असं मानणारी माणसं होती, इथे ती दिसत नाहीत. शुभवर्तमानाविषयी इथे जो थंड तुच्छभाव भेटतो तो हिंदुस्थानातल्या कुठल्याही विरोधापेक्षा जड जातो, असंही त्यांनी लिहिलं. मग त्यांनी पाश्चात्त्य संस्कृतीकडेच मिशनरीच्या नजरेनं पाहायला सुरुवात केली. १९८३ आणि १९८६ मध्ये त्यावरची पुस्तकं आली, आणि पुढच्या पिढीचा मिशनविषयक विचार त्यांनी बदलून टाकला.

पुस्तकांहून मला त्यांनी १९८० मध्ये केलेलं काम मोठं वाटतं. बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीन वस्तीत, तुरुंगासमोर, एक छोटी मंडळी होती. वरिष्ठ मंडळानं ती बंद करायचं मनावर घेतलं होतं. सत्तरीला आलेल्या बिशपांनी तिचं पाळकत्व मागून घेतलं आणि १९८८ पर्यंत तिथल्या दारोदार फिरले.